काथ्या आणि चिपाडाने रंगाचं पाणी निवळतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापुरात सूत रंगवण्याचं छोटं युनिट, दिवसाला साधारण २०० किलो सूत आणि १५,००० लिटर सांडपाणी. रंग जवळपास सगळे रिअॅक्टिव्ह, म्हणजे कापसाशी रासायनिक बंधाने जोडले जाणारे. तुरटी-चुन्याची टाकी आहे, पण तिच्यातून बाहेर पडणारं पाणी लालसर-निळंच राहतं. नारळाचा काथ्या, उसाचं चिपाड, केळीचं सोपट यांनी ९५ टक्क्यांपर्यंत रंग निघतो असं वाचलंय. खरंच निघतो का? किती लागेल आणि कसं लावायचं?

आधी उत्तर देतो. कच्चा काथ्या किंवा कच्चं चिपाड तुमच्या पाण्यावर चालणार नाही. त्याच तंतूवर रासायनिक प्रक्रिया केली तर चालेल, पण सगळ्या पाण्यावर नाही, एका ठरावीक धारेवरच. आणि रंग प्यायलेल्या तंतूचं पुढे काय करायचं हे ठरल्याशिवाय तंतू भरायला एक ड्रमसुद्धा विकत घेऊ नका.

इचलकरंजीत रंगखातं आणि ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा) सांभाळण्यात माझी वीसेक वर्षं गेली. चिपाडाचा ड्रम मी स्वतः लावून पाहिलाय आणि तोंडावर आपटलोय. ती गोष्ट पुढे येईलच.

पहिल्यांदा त्या ९५ टक्क्यांचं पाहू. समजा लिटरमध्ये १० मिलिग्रॅम रंग असलेलं पाणी घेतलं, त्यात १० ग्रॅम तंतू टाकला आणि ९५ टक्के रंग गेला. म्हणजे ९.५ मिलिग्रॅम रंग धरायला १० ग्रॅम तंतू लागला. एका ग्रॅमने एक मिलिग्रॅमसुद्धा धरला नाही. टक्केवारी ऐकायला छान वाटते, पण तंतू वाढवत गेलं की ती आपोआप वाढते. त्यामुळे कुणीही टक्के सांगितले की एकच विचारायचं: ग्रॅमला किती मिलिग्रॅम? आणि लगोलग दुसरा प्रश्न: रंग कोणता?

हा दुसरा प्रश्नच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. या विषयावरचे कितीतरी प्रयोग मेथिलीन ब्लूवर झालेत. तो बेसिक रंग, पाण्यात त्याच्यावर धन प्रभार असतो. वनस्पतीच्या तंतूचा पृष्ठभाग साध्या पाण्यात ऋण असतो, कारण हेमिसेल्युलोजमध्ये कार्बॉक्सिल गट असतात आणि लिग्निनमध्ये फिनॉलचे. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात, म्हणून मेथिलीन ब्लू चिपाडावर, ताग-काथ्यावर झकास बसतो. ग्रॅमला दहा-वीस मिलिग्रॅमपासून शंभराच्या पुढेही आकडे मिळतात. अॅक्रिलिकचं सूत बेसिक रंगांनी रंगवणाऱ्याला कच्चा तंतू खरंच उपयोगी पडेल.

तुमचा रिअॅक्टिव्ह रंग नेमका उलटा. त्याच्या रेणूवर सल्फोनेट गट असतात, म्हणजे तोही ऋण. तंतू ऋण, रंग ऋण. दोघं एकमेकांना ढकलतात. त्यात आणखी एक गंमत आहे, ती रंगखात्यात काम केलेल्याला चटकन कळेल. डाय बाथमध्ये, म्हणजे रंगवण्याच्या द्रावणात, जो रंग कापसाशी जोडला गेला नाही तो पाण्याशीच अभिक्रिया करून मरतो, आपण त्याला हायड्रोलाइज झालेला रंग म्हणतो. हा मेलेला रंग सोपिंगमध्ये (साबणाच्या गरम धुलाईत) सहज सुटावा, कपड्यावर रेंगाळून वॉश फास्टनेस (धुण्यातला रंगाचा टिकाऊपणा) खराब करू नये, म्हणून रंग बनवणाऱ्यांनी मुद्दामच त्याची सेल्युलोजची ओढ कमी ठेवलेली असते. म्हणजे सेल्युलोजवरून सुटावा यासाठीच घडवलेला रंग तुम्ही दुसऱ्या सेल्युलोजला धरायला सांगताय. काथ्याचा यात काही दोष नाही.

‘पण आम्ल टाकून पीएच २ वर आणलं तर कच्चा तंतूही रिअॅक्टिव्ह रंग धरतो असं लिहिलंय,’ असं तुम्ही म्हणाल. धरतो, बरोबर आहे. पीएच इतका खाली गेला की तंतूचा ऋण प्रभार मरतो. पण तुमचं पाणी सोडा अॅशमुळे साडेदहाच्या आसपास येतं. ते २ वर आणायला आम्ल, पुन्हा ७ वर न्यायला चुना किंवा कॉस्टिक, हे रोज १५,००० लिटरवर. रंग कमी होईल आणि क्षार वाढतील. बरणीत जमतं, कारखान्यात नाही.

आता हिशेब करू. आकडे गोल धरतो, तुमच्या लॉटबुकातले घालून पुन्हा करा. २०० किलो सूत, सरासरी अडीच टक्के शेड (सुताच्या वजनाच्या अडीच टक्के रंग), म्हणजे ५ किलो रंग. फिक्सेशन, म्हणजे कापसाशी जोडला जाणारा रंग, ७० टक्के धरलं तर दीड किलो रंग पाण्यात जातो. १५,००० लिटरमध्ये दीड किलो, म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम. तुमच्यासारख्या खऱ्या पाण्यावर, पीएच फक्त ७ वर आणून, कच्च्या काथ्याने मला ग्रॅमला २ ते ५ मिलिग्रॅमच्या वर कधी दिलं नाही. ३ धरा. दीड किलो रंगाला ५०० किलो काथ्या. रोज. २०० किलो सूत रंगवायला ५०० किलो काथ्या आणायचा आणि संध्याकाळी ५०० किलो ओला, रंगीत काथ्या कुठेतरी टाकायचा. सुताच्या गोदामापेक्षा काथ्याचं गोदाम मोठं लागेल.

तंतूवर धन प्रभार चढवला की हिशेब पालटतो. वनस्पतीच्या मालावर रंग धरण्याची कल्पना काही आजची नाही. १९७६ साली पूट्स, मॅके आणि हिली यांनी पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा) आणि लाकडाच्या भुशावर आम्लरंग धरण्याचं काम छापलं. कोइमतूरच्या भारतीयार विद्यापीठात नमशिवायम यांनी केळीचा गाभा आणि काथ्याचा भुसा यांवर वर्षानुवर्षं काम केलं. तुमच्या प्रश्नाला सगळ्यांत जवळचं काम मात्र अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेतलं. जोसेफ लॅस्लो यांनी १९९० च्या दशकात उसाच्या चिपाडावर चतुर्थक अमोनियम गट (कायम धन प्रभार असलेले) चढवून त्याची आयन-विनिमय रेझिन, म्हणजे प्रभारी कण अदलाबदलीने धरणारा पदार्थ, बनवली, तीही खास रिअॅक्टिव्ह रंगासाठीच.

ती प्रक्रिया रंगखात्याला परकी नाही. सुताला मीठ न घालता रंगवण्यासाठी जे कॅटायनायझिंग (धन प्रभार चढवणं) करतात, तेच इथे तंतूवर करायचं. तंतू आधी सौम्य कॉस्टिकमध्ये उकळून मोकळा करायचा, धुवायचा, मग कॅटायनायझिंग रसायन आणि कॉस्टिक यांच्या द्रावणात भिजवून पिळायचा आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवायचा, अगदी कोल्ड पॅड बॅचसारखं. सकाळी धुवून थोड्या अॅसेटिक आम्लाने उदासीन करायचा. एक सावधगिरी मात्र गंभीरपणे घ्या: कॉस्टिकमध्ये हे रसायन इपॉक्साइड बनतं आणि ते अंगाला फार वाईट. हातमोजे, गॉगल, उघडी हवा हवीच. पोरांना हाताने कालवायला लावू नका. पुरवठादाराकडून सुरक्षापत्रक मागून घ्या आणि मुकादमाला मराठीत समजावून सांगा.

असा तंतू बरणीत ग्रॅमला १०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ शकतो. खऱ्या पाण्यात मी निम्मंच धरतो. ५० धरलं तर दीड किलो रंगाला ३० किलो तंतू. ५०० कुठे आणि ३० कुठे! इथून पुढे हा विषय बोलण्यासारखा होतो.

निम्मं का धरतो? मीठ. सुताच्या बाथमध्ये मीठ रंगाला कापसाकडे ढकलतं, पण धन प्रभाराच्या तंतूवर तेच मीठ आडवं येतं. तंतूवरच्या जागांसाठी क्लोराइड आणि सल्फेट रंगाशी भांडतात. ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) वापरत असाल तर सल्फेटचा त्रास जास्त. म्हणून डाय बाथचा पहिला ड्रेन, म्हणजे रंगवून झाल्यावर काढलेलं पहिलं पाणी, या तंतूवर कधीही सोडायचा नाही. त्यात लिटरला ५० ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. तो ड्रेन वेगळ्या नळीने वेगळ्या टाकीत न्या. पहिला थंड वॉशही तिकडेच जाऊ दे. दुसऱ्या वॉशपासूनचं आणि सोपिंगनंतरचं पाणी, ज्यात मीठ कमी आणि रंग अजून बराच आहे, तेवढंच तंतूला द्या. छोट्या युनिटात सगळं पाणी एकाच गटारीत जातं आणि ही वेगवेगळी नळी टाकायला कुणी तयार नसतं. पण माझ्या मते पूर्ण कामातला अर्धा फायदा त्या नळीतच आहे, तंतू लावा किंवा न लावा. सोपिंगचं पाणी तंतूवर जाताना त्यातला साबण आणि डिस्पर्सिंग एजंटही जागा अडवतात. म्हणून सोपिंगचा बाथ वगळा, त्याच्या पुढचे वॉश घ्या.

आता कोणता तंतू. माझा कौल काथ्याला. लिग्निन भरपूर, चाळीस टक्क्यांच्या वर, त्यामुळे पाण्यात लवकर कुजत नाही, ड्रममध्ये दबून गोळा होत नाही, पाणी खेळतं राहतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडून मिळतो आणि गादी-सोफेवाल्यांकडचा तुकडाही चालतो. त्याचा दोष एकच, सुरुवातीला टॅनिनचं तांबडं पाणी सोडतो. रंग काढायला लावलेला तंतूच पाणी रंगवतो! म्हणून गरम पाण्यात दोन-तीनदा उकळून घ्या. लिग्निन जास्त म्हणजे कॅटायनायझिंग थोडं कमी चढतं हे खरं, पण ड्रममधला टिकाऊपणा मला जास्त मोलाचा वाटतो.

चिपाड. कोल्हापूर भागात ते ‘फुकट मिळतं’ असं सगळे लिहितात. फुकट काही मिळत नाही. साखर कारखाने ते बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज करतात, त्याला भाव आहे. शिवाय त्यात उरलेली साखर असते. माझी फजिती तिथेच झाली. एप्रिलच्या उन्हात, नीट न धुतलेलं चिपाड २०० लिटरच्या दोन ड्रममध्ये भरलं. तिसऱ्या दिवशी आंबट वास सुटला, चौथ्या दिवशी ड्रमच्या वरून फेस आला आणि तपासलं तर बाहेर येणाऱ्या पाण्याचा सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) आत जाणाऱ्यापेक्षा जास्त. रंग कमी झाला होता, पण दाखवायची सोय नव्हती. मालक म्हणाले, ‘काकवी काढताय का इथे?’ चिपाड वापरायचंच तर बारीक गाभा चाळून टाका, फक्त सालीचा तंतू ठेवा, भरपूर धुवा.

केळीचा तंतू जळगावकडे चिक्कार. घड उतरवला की खोड शेतातच पडतं. त्यात सेल्युलोज जास्त, लिग्निन कमी, कॅटायनायझिंग सुरेख चढतं. पण ओला झाला की मऊ पडतो आणि ड्रममध्ये खाली दबून बसतो. काथ्यात एकास एक मिसळला तर चालतो. अंबाडी आणि घायपात मधले, जिथे मिळतात तिथे वाईट नाहीत. सावरीचा कापूस कुणी सुचवला तर नको म्हणा. तो पाणी झटकतो आणि तेल पितो, त्याचं काम वेगळं.

तंतू घ्यायच्या आधी बरण्या लावा. प्रयोगशाळेची गरज नाही. लोणच्याच्या काचेच्या सहा बरण्या, किचनचा ग्रॅमचा वजनकाटा, पीएच पेपर. तुमचं खरं वॉशचं पाणी पाच बरण्यांत अर्धा-अर्धा लिटर घ्या. पीएच ७ च्या आसपास आणा. पाचही बरण्यांत अनुक्रमे अर्धा, १, २, ५ आणि १० ग्रॅम तंतू घाला. सहाव्या बरणीत साध्या नळाच्या पाण्यात ५ ग्रॅम तंतू, हे पाहायला की तंतू स्वतः किती रंग सोडतो. पहिला एक तास मधूनमधून हलवा, मग रात्रभर ठेवा. सकाळी तुलनेसाठी मूळ पाणी घेऊन त्याचे पातळ नमुने बनवा: निम्मं, पाव, आठवा भाग, सोळावा भाग. पांढऱ्या कागदापुढे बरणी धरून कोणत्या नमुन्याशी जुळते ते डोळ्यांनी ठरवा. एखादी बरणी आठव्या भागाशी जुळली तर सातअष्टमांश रंग गेला. मूळ पाण्यात किती मिलिग्रॅम होता हे लॉटच्या रंगाच्या वजनावरून काढता येतं. त्यातला जेवढा गेला तेवढ्याला तंतूच्या ग्रॅमने भागा, तुमचा आकडा मिळाला. स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंगाची तीव्रता मोजणारं यंत्र) असेल तर उत्तम, पण नसल्याने अडत नाही.

इथे बरेच जण एक चूक करतात. पुडीतला ताजा रंग नळाच्या पाण्यात विरघळवून चाचणी घेतात. ताज्या रंगाचा जिवंत गट तंतूशी वेगळा वागतो आणि आकडा खोटा चांगला येतो. खरं पाणी हाताशी नसेल तर रंगात सोडा घालून तासभर उकळा, म्हणजे तो हायड्रोलाइज होईल, आणि थोडं मीठही घाला.

बरणीचा आकडा ग्रॅमला ३० च्या खाली आला तर इथेच थांबा.

वर आला तर ड्रम. सगळं पाणी न घेता वॉशचं समजा ९,००० लिटर घेतलं आणि दहा तासांत सोडलं तर मिनिटाला १५ लिटर. अर्ध्या तासाचा संपर्क द्यायचा तर ४५० लिटर तंतूचा थर लागेल, म्हणजे २०० लिटरचे तीन ड्रम, एकामागून एक जोडलेले. तंतू एक-दोन सेंटिमीटर कापलेला. लांब ठेवला तर त्याच्यात वाटा पडतात आणि पाणी त्यातूनच पळतं. पाणी खालून वर सोडा आणि वर जाळी दाबून बसवा, नाहीतर तंतू तरंगत येतो. ड्रमच्या आधी वाळूचा फिल्टर पाहिजेच, कारण सुताची रुई पहिल्याच ड्रमवर नमद्यासारखी बसते. पहिल्या ड्रममधून रंग निसटायला लागला की तो काढायचा, दुसरा पहिल्याच्या जागी सरकवायचा, तिसरा दुसऱ्याच्या, आणि ताजा ड्रम शेवटी. असं केलं तर तंतू पूर्ण भरेपर्यंत वापरला जातो. एकच मोठा ड्रम लावला की अर्धा तंतू कोरा असतानाच फेकावा लागतो.

तुरटी-चुन्याची टाकी काढू नका. मधूनच एखादा पॉलिस्टर-मिश्र लॉट असेल तर डिस्पर्स रंग पाण्यात नीट विरघळतच नाही, तो तुरटीत खाली बसतो. व्हॅट आणि सल्फर रंग हवेने ऑक्सिडाइज झाले की तसेच. ते तंतूवर घालून तंतू वाया घालवू नका. विरघळलेला रिअॅक्टिव्ह रंग तुरटीला फारसा जुमानत नाही, म्हणून तर तुमचं पाणी अजून रंगीत आहे. फेरस आणि चुन्याने काही रिअॅक्टिव्ह रंग उतरतात, पण गाळ इतका होतो की त्याचा खर्च वेगळा मांडावा लागतो.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बाजूने पाहू. केंद्राच्या ऑक्टोबर २०१६ च्या अधिसूचनेत कापड उद्योगाच्या सांडपाण्याला रंगाची मर्यादा १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एककं आहे. ही मोजणी मुळात पिवळसर छटेसाठी बनलेली, त्यामुळे निळ्या-फिरोजी पाण्यावर ती विचित्र वाटते, पण नियम तो आहे. त्याच अधिसूचनेत विरघळलेल्या घन पदार्थांची मर्यादा लिटरला २,१०० मिलिग्रॅम आहे. तंतू मिठाला हात लावत नाही. २०० किलो सुताला एकास दहा लिकर (सुताच्या दहापट द्रावण) आणि लिटरला ५० ग्रॅम मीठ धरलं तर रोज १०० किलो मीठ जातं. १५,००० लिटरमध्ये पसरलं तरी लिटरला साडेसहा हजार मिलिग्रॅमच्या पुढे. पाणी काचेसारखं निवळलं तरी नापास. तिरुपूरमध्ये हेच झालं. नोय्यल नदी आणि ओरत्तुपाळयम धरण खारट झालं, शेतकरी कोर्टात गेले आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथली शेकडो रंगयुनिटं बंद करायला सांगितली. म्हणून तो डाय बाथचा खारट ड्रेन वेगळा ठेवायला सांगितला. मीठ त्या दोन हजार लिटरमध्ये आणि पहिल्या वॉशमध्ये गोळा झालेलं असतं. तेवढंच सामायिक प्रक्रिया केंद्राच्या टँकरला किंवा बाष्पीभवनाला देता येतं, आणि तंतूने निवळलेलं कमी खारट पाणी पुढच्या लॉटच्या पहिल्या वॉशला परत वापरता येतं. माझ्या दृष्टीने तंतूची खरी कमाई या परत वापरलेल्या पाण्यात आहे. उन्हाळ्यात सोलापुरात टँकरचा भाव तुम्हाला मी सांगायला नको.

राहिला रंग प्यायलेला तंतू. रंग कुठे नाहीसा झालेला नाही, फक्त पाण्यातून तंतूवर आलाय. मिठाच्या पाण्याने धुऊन तंतू परत वापरू असं वाटतं, पण चतुर्थक गटाने धरलेला रिअॅक्टिव्ह रंग तसा पुरता सुटत नाही आणि जेवढा सुटतो तेवढं पुन्हा खारट रंगीत पाणी तयार होतं. एकदा वापरून टाकायचा असंच धरून चाला. कंपोस्ट करू नका आणि शेतात मल्चिंगला कुणी मागितला तरी देऊ नका. वाळवून बॉयलरमध्ये जाळता येईल, पण त्यासाठी मंडळाकडून लेखी विचारून घ्या की हा तंतू २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांत मोडतो का आणि तुमच्या संमतीपत्रात तो कसा दाखवायचा. तोंडी ‘चालतंय’ कुणी म्हटलं तर कागद मागा.

यात एक रंग वेगळा सांभाळा: फिरोजी, आपण ज्याला टर्क्वाइज म्हणतो. तो तांब्याच्या थॅलोसायनिनपासून बनतो, रेणू अवजड असल्याने फिक्सेशन कमी, म्हणून त्या लॉटचं पाणी सगळ्यांत गडद. त्यातलं तांबं जाळल्यावर राखेत उरतं. फिरोजी लॉटच्या दिवशीचा तंतू वेगळ्या पोत्यात भरा, पोत्यावर तारीख आणि शेड लिहा, पत्र्याच्या शेडखाली फरशीवर ठेवा. ३० किलोचा कोरडा तंतू ओला झाल्यावर निथळूनही तिप्पट-चौपट वजनाचा होतो, तेव्हा वाळवायला जागा किती लागेल ते आधी पायांनी मोजून घ्या. पावसाळ्यात तो वाळत नाही, हेही धरा. मी तरी जून ते सप्टेंबर तंतूचे ड्रम बंदच ठेवत असे.

बरण्या लावल्यावर आकडे कळवा. पाणी फिरोजीच्या लॉटचं घ्या आणि एक नमुना लाल किंवा काळ्याचाही, दोन्हींत फरक दिसेल.